पोटाच्या कॅन्सरमधली हर-टू तपासणी आणि ट्रॅस्टुझुमॅब: पैसे कुठे वसूल होतात, कुठे वाया जातात

पोटाच्या म्हणजे जठराच्या कॅन्सरचं निदान झालं आणि स्कॅनमध्ये आजार लिव्हरपर्यंत किंवा पोटाच्या आतल्या पडद्यापर्यंत गेलेला दिसला, की केमो सुरू करण्याआधी डॉक्टर एक तपासणी हमखास लिहून देतात. तिचं नाव हर-टू. पॉझिटिव्ह आली तर ट्रॅस्टुझुमॅब हे औषध केमोसोबत द्यायचं, निगेटिव्ह आली तर दुसरा रस्ता धरायचा. इथे त्या तपासणीचं आणि त्या औषधाचं एकत्र परीक्षण केलं आहे, कारण एकाशिवाय दुसऱ्याला अर्थ नाही.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. औषध चांगलं आहे, तपासणीही चांगली आहे. पण तपासणीचा निकाल लॅबच्या मशीनवर जितका अवलंबून असतो, त्याहून जास्त एंडोस्कोपीच्या खोलीत काढलेल्या तुकड्यांवर आणि ते टिकवण्यासाठी ज्या द्रावणात टाकतात त्या फॉर्मॅलिनवर असतो. तिथे चूक झाली तर पुढे कितीही महागडी लॅब निवडा, चुकीचं उत्तर नीट टाइप होऊन हातात येतं.

हर-टू हे ईआरबीबी-टू नावाच्या जीनचं प्रोटीन. हा जीन १७ नंबरच्या क्रोमोसोमच्या लांब भुजेवर, १७क्यू१२ या जागी बसलेला असतो. निरोगी पेशीत त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. काही कॅन्सरमध्ये त्या प्रती वाढत जाऊन दहा, वीस, कधी त्याहून जास्त होतात. प्रती वाढल्या की पेशीच्या पडद्यावर या प्रोटीनची दाटी होते. प्रोटीनचे रेणू एकमेकांशी किंवा हर-थ्रीसारख्या भावंडांशी जोड्या जमवतात आणि पेशीला सतत ‘वाढ, वाढ’ असा निरोप देत राहतात. हा दोष बहुतेक वेळा गाठीतच तयार झालेला असतो, आईवडिलांकडून आलेला नसतो. म्हणून घरातल्या बाकीच्यांनी हर-टू करून घ्यायची गरज नाही. हा प्रश्न नातेवाईक नेहमी विचारतात.

पुढे काय होणार हे सांगणारी खूण म्हणून हर-टू किती उपयोगाची? आमच्या मते फारशी नाही. स्तनाच्या कॅन्सरमध्ये १९८७ सालीच दिसलं होतं की या जीनच्या प्रती वाढलेल्या असतील तर आजार लवकर उलटतो. जठरात चित्र इतकं स्वच्छ नाही. काही अभ्यासांत पॉझिटिव्ह पेशंटांचं आयुष्य कमी दिसलं, काहींत फरकच दिसला नाही, आणि पसरलेल्या आजारात बाकीचे घटक हिशेबात धरल्यावर हर-टूचा स्वतंत्र प्रभाव अनेकदा उरत नाही. याचं एक कारण सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. हर-टू प्रामुख्याने ‘इंटेस्टिनल’ प्रकारात सापडतो, ज्यात पेशी नळीसारख्या ग्रंथी बनवतात. सुट्या पेशींचा, सिग्नेट रिंगवाला ‘डिफ्यूज’ प्रकार मुळातच जास्त वाईट वागतो आणि त्यात हर-टू क्वचित मिळतो. मग आयुष्यातला फरक जीनमुळे पडला की प्रकारामुळे, हे वेगळं काढणं कठीण होतं. त्यामुळे रिपोर्टवर ‘पॉझिटिव्ह’ वाचून घाबरू नका आणि ‘निगेटिव्ह’ वाचून निश्चिंतही होऊ नका. आयुष्याचा अंदाज स्टेज, पेशंटची ताकद, वजन आणि आजार कुठे पसरला आहे यावरून बांधायचा असतो.

या तपासणीची खरी किंमत औषध लागू पडेल का हे सांगण्यात आहे. तिथे तिला तोड नाही.

याचा पुरावा २०१० साली आलेल्या ‘टोगा’ या चाचणीचा. २४ देशांतल्या साडेतीन हजारांहून जास्त पेशंटांचे तुकडे तपासले गेले, त्यात सुमारे २२ टक्के पॉझिटिव्ह निघाले. अन्ननलिका आणि जठर जुळतात त्या जागच्या गाठींमध्ये हे प्रमाण ३३ टक्क्यांच्या आसपास, तर जठरातल्या गाठींमध्ये २१ टक्क्यांच्या आसपास होतं. पॉझिटिव्ह पेशंटांपैकी ५८४ जणांच्या निकालात नुसत्या केमोवर मध्यम आयुष्य (म्हणजे निम्मे पेशंट जितका काळ जगले तो) ११.१ महिने आणि ट्रॅस्टुझुमॅब जोडल्यावर १३.८ महिने निघालं. आकडा वाचून मन खट्टू होतं, पण तो सगळ्यांचा मिळून आहे. प्रोटीनची दाटी खरोखर जास्त असलेल्या गटात फरक ११.८ विरुद्ध १६ महिने असा होता. आणि जीनच्या प्रती वाढलेल्या, पण पडद्यावर प्रोटीन जवळजवळ नाही, अशा गटात औषधाचा फायदा दिसलाच नाही. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, रिपोर्ट वाचताना कामाला येते.

आता तुकड्याकडे. खरी लढाई इथे जिंकली किंवा हरली जाते.

जठराच्या गाठीत हर-टू सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. एका कोपऱ्यात पेशी गच्च पॉझिटिव्ह, दोन मिलिमीटर पलीकडे पूर्ण निगेटिव्ह, असं चित्र स्तनाच्या कॅन्सरपेक्षा इथे फार जास्त दिसतं. बायोप्सीच्या चिमट्यात येणारा तुकडा तांदळाच्या कणीएवढा असतो. असे दोन-तीनच तुकडे काढले तर पॉझिटिव्ह कोपरा हुकण्याची शक्यता मोठी. म्हणून किमान ५, आणि शक्य असेल तर ६ ते ८ तुकडे घ्यावेत, तेही वेगवेगळ्या जागांहून. अल्सर असेल तर त्याच्या उंचावलेल्या कडेवरून घ्यावेत. तळाशी मेलेला पांढुरका गाळ असतो, त्यात जिवंत कॅन्सर पेशी मिळत नाहीत. एंडोस्कोपी ठरवताना डॉक्टरांना सरळ सांगा की यावर हर-टूसुद्धा करायचं आहे, तुकडे जास्त काढा. निदानासाठी दोन तुकडे पुरतात, हर-टूसाठी पुरत नाहीत.

तुकडा निघाला की घड्याळ सुरू होतं. रक्तपुरवठा तुटल्यापासून तासाभराच्या आत तो फॉर्मॅलिनमध्ये गेला पाहिजे. ‘लॅबवाला संध्याकाळी येईल’ म्हणून सलाईनच्या बाटलीत ठेवलेला तुकडा सडायला लागतो. पेशींचे पडदे विरघळतात, आणि हर-टू तर पडद्यावरच शोधायचा असतो. फॉर्मॅलिन १० टक्क्यांचं आणि बफर केलेलं हवं. एक लिटर बनवायला बाजारातलं ३७ ते ४० टक्के फॉर्मॅल्डिहाइड असलेलं फॉर्मॅलिन १०० मिली, पाणी ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट ४ ग्रॅम आणि डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट साडेसहा ग्रॅम लागतं. छोट्या दवाखान्यांत नळाच्या पाण्यात अंदाजपंचे फॉर्मॅलिन ओतलेलं असतं. बफर नसला की ते आम्लधर्मी होतं आणि जीन तपासणीसाठी लागणारा डीएनए तुटतो. फॉर्मॅलिनचं प्रमाण तुकड्याच्या किमान दहापट हवं.

त्यात ठेवायचं किती वेळ? ६ तासांपेक्षा कमी नाही, ७२ तासांपेक्षा जास्त नाही. कमी वेळ ठेवलं तर तुकड्याचा गाभा कच्चा राहतो आणि रंग कडेलाच चढतो. जास्त वेळ ठेवलं तर प्रोटीन इतकं जखडतं की अँटीबॉडी त्याला धरू शकत नाही. शनिवारी बायोप्सी, रविवारी लॅब बंद, सोमवारी सुट्टी, मंगळवारी कुरिअर, अशी साखळी लागली की ७२ तास कधी उलटले ते कळत नाही. ऑपरेशनमध्ये काढलेल्या पूर्ण जठराच्या बाबतीत धोका उलटा असतो. मोठा नमुना न कापता तसाच बादलीत बुडवला तर फॉर्मॅलिन आतपर्यंत पोचतच नाही. तो उघडून, गाठीवर काप देऊन, कॉर्कच्या पाटीवर ताणून ठेवायला हवा.

दुसरी नासाडी मायक्रोटोमवर, म्हणजे तुकड्याचे पातळ काप काढणाऱ्या मशीनवर होते, आणि तिच्याकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. तुकडा ज्यात बसवतात तो मेणाचा ब्लॉक दर वेळी मशीनवर चढवला की त्याचा पृष्ठभाग सरळ करताना तुकड्याचे काही थर कापून फेकले जातात. आज हर-टू, पुढच्या आठवड्यात पीडी-एल-वन, महिन्याने एमएमआर, मग क्लॉडिन (याही औषध निवडण्यासाठी तुकड्यावर करायच्या तपासण्या) असं तुकड्यातुकड्याने मागवलं तर चौथ्या वेळी ब्लॉकमध्ये कॅन्सरच उरत नाही. चारही तपासण्या एकाच वेळी लिहून द्याव्यात आणि तंत्रज्ञाला एकाच बैठकीत चार मायक्रॉनच्या जास्तीच्या न रंगवलेल्या स्लाइड काढून ठेवायला सांगावं. मात्र या स्लाइड कायम टिकत नाहीत. सहा आठवड्यांपेक्षा जुन्या झाल्या की प्रोटीन फिकं पडतं आणि ‘दोन प्लस’ असलेला नमुना ‘एक प्लस’ दिसू शकतो (हे रंगाचे गुण, पुढे सांगितले आहेत).

पहिली तपासणी इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, सगळे तिला आयएचसी म्हणतात. हर-टूला चिकटणारी अँटीबॉडी टाकतात, मग ती जिथे चिकटली तिथे तपकिरी रंग उठतो. जठरासाठी याच्या गुणांकनाचे नियम वेगळे आहेत आणि सर्वांत जास्त चुका इथेच होतात. स्तनाच्या कॅन्सरमध्ये पेशीच्या भोवती पूर्ण तपकिरी कडं दिसावं लागतं. जठरातली पेशी ग्रंथीत एका रांगेत बसलेली असते. तिचा वरचा, पोकळीकडचा काठ बहुधा रिकामा असतो. रंग दोन्ही बाजूंना आणि तळाला चढतो. वरून उघडा, इंग्रजी ‘यू’सारखा आकार दिसतो. स्तनाची सवय लागलेल्या डोळ्याने कडं अपूर्ण म्हणून याला निगेटिव्ह ठरवलं, तर एक खरा पॉझिटिव्ह पेशंट हातचा गेला. दुसरा फरक मोजणीचा. ऑपरेशनच्या नमुन्यात १० टक्के पेशी रंगलेल्या हव्यात, पण एंडोस्कोपीच्या तुकड्यात ५ कॅन्सर पेशींचा एक झुबकासुद्धा पुरतो. तुकडाच इतका लहान की टक्केवारीला अर्थ राहत नाही, म्हणून हा नियम केला आहे.

गुण देण्याची एक सोपी आणि भरवशाची रीत आहे. अडीच किंवा पाचपट लेन्समधूनच तपकिरी रंग ठळक दिसला तर तीन प्लस. दहा किंवा वीसपट लेन्स लावावी लागली तर दोन प्लस. चाळीसपट लावल्यावर जेमतेम दिसला तर एक प्लस. रंग पडद्यावरचाच मोजायचा; पेशीच्या आत किंवा केंद्रकात उठलेला तपकिरीपणा हिशेबात धरायचा नाही. शेजारच्या आतड्यासारख्या बदललेल्या अस्तरातही फसवा रंग चढतो, तुकड्याच्या चुरगळलेल्या कडेवरही चढतो. मोजणी फक्त खोल घुसलेल्या खऱ्या कॅन्सर पेशींची. आणि त्याच स्लाइडवर पॉझिटिव्ह कंट्रोलचा छोटा तुकडा हवा. कंट्रोल रंगला नसेल तर ‘झिरो’ या निकालाला काही किंमत नाही.

तीन प्लस म्हणजे पॉझिटिव्ह, इथे थांबायचं. झिरो किंवा एक प्लस म्हणजे निगेटिव्ह, इथेही थांबायचं. फक्त दोन प्लस आला तरच ‘फिश’ करायचं. या तपासणीत जीनच्या प्रती प्रत्यक्ष मोजतात: हर-टूचे लाल ठिपके, १७ नंबरच्या क्रोमोसोमच्या मध्याचे हिरवे ठिपके. किमान २० केंद्रकं मोजून लाल आणि हिरव्याचं गुणोत्तर काढतात. ते २ किंवा जास्त आलं तर पॉझिटिव्ह. फिशला आयएचसीच्या काही पट खर्च येतो, म्हणून ‘दोन्ही सोबतच करून टाका’ हा सल्ला सरसकट मानू नका. एक प्लसवर फिश करून ते पॉझिटिव्ह आलं तरी औषधाचा फायदा दिसलेला नाही, हे वर सांगितलंच आहे. पैसे जातात आणि गोंधळ वाढतो. जिथे फिश खरोखर लागतं तिथे पॅथॉलॉजिस्टने आयएचसीच्या स्लाइडवर सर्वांत गडद भाग पेनाने गोल करून द्यायला हवा. फिशच्या अंधाऱ्या निळ्या दृश्यात ग्रंथीचा आकार नीट ओळखू येत नाही, आणि खूण नसली तर मोजणारा भलत्याच कोपऱ्यातल्या पेशी मोजून बसतो.

रिपोर्टमध्ये नुसतं ‘हर-टू निगेटिव्ह’ लिहिलेलं असेल तर तो अपुरा समजा. नमुना बायोप्सीचा की ऑपरेशनचा, किती तुकड्यांत कॅन्सर होता, फॉर्मॅलिनमध्ये किती तास, अँटीबॉडीचा क्लोन (म्हणजे नेमका प्रकार) कोणता, गुण किती, किती टक्के पेशी, कंट्रोल ठीक होता का, आणि गुणांकन जठराच्या नियमांनी केलं का, एवढं त्यात असायला हवं. फिश असेल तर मोजलेल्या केंद्रकांची संख्या, लाल आणि हिरव्या ठिपक्यांची सरासरी आणि गुणोत्तर. यातलं काही नसेल तर लॅबला फोन करून पुरवणी रिपोर्ट मागता येतो. चांगली लॅब कुरकुर न करता देते. दोनच तुकडे होते आणि निकाल निगेटिव्ह आला, गाठ इंटेस्टिनल प्रकारची किंवा अन्ननलिका आणि जठर जुळतात त्या जागी आहे, तर दुसऱ्या बायोप्सीचा आग्रह धरण्यात काहीच वावगं नाही. लिव्हरमधल्या गाठीचा तुकडा मिळत असेल तर तोही चालतो.

तपासणी कोणाला नको हेही सांगायला हवं. आजार लवकर सापडला, ऑपरेशनने बरा होण्यासारखा आहे, तर हर-टूच्या निकालाने आजघडीला नेहमीचे उपचार बदलत नाहीत. अशा वेळी घाई नाही. ब्लॉक जपून ठेवला की पुढे गरज पडली तर करता येतं.

आता औषध. ट्रॅस्टुझुमॅब हर-टूला बाहेरून जाऊन चिकटतं, निरोप अडवतं आणि शरीराच्या रोगप्रतिकारक पेशींना त्या जागी बोलावतं. डोस वजनावर ठरतो: पहिल्या वेळी किलोमागे ८ मिलिग्रॅम, नंतर दर तीन आठवड्यांनी किलोमागे ६ मिलिग्रॅम. सोबत केमोच्या ६ सायकल. टोगामध्ये सिस्प्लॅटिन दर चौरस मीटरला ८० मिलिग्रॅम आणि कॅपेसिटाबिन दर चौरस मीटरला १,००० मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, १४ दिवस घेऊन ७ दिवस सुट्टी, असा बेत होता. ५० किलो वजन आणि १६० सेंटिमीटर उंचीच्या पेशंटचा पृष्ठभाग सुमारे दीड चौरस मीटर भरतो, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या सकाळी आणि तीन संध्याकाळी, जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत. सिस्प्लॅटिनऐवजी ऑक्झालिप्लॅटिन देण्याकडेही आता कल आहे, कारण किडनीवर आणि उलट्यांवर ते सोसायला सोपं जातं. केमो संपल्यावर ट्रॅस्टुझुमॅब एकटंच पुढे चालू ठेवतात, आजार पुन्हा वाढेपर्यंत.

४४० मिलिग्रॅमच्या बाटलीचा हिशेब नीट केला तर बराच पैसा वाचतो. या बाटलीसोबत बेंझाइल अल्कोहोल घातलेलं २० मिली पाणी मिळतं. ते हळूच काचेच्या कडेने सोडायचं, बाटली हातात गोल फिरवायची. हलवायची अजिबात नाही, नाहीतर फेस होऊन प्रोटीन मोडतं. पाच मिनिटं तशीच ठेवायची. मग दर मिलीत २१ मिलिग्रॅम औषध असलेलं द्रावण तयार होतं, आणि ते २ ते ८ अंश तापमानाला २८ दिवस टिकतं. सायकल २१ दिवसांची. म्हणजे उरलेलं औषध पुढच्या वेळी वापरता येतं. ५० किलोच्या पेशंटला पहिल्या वेळी ४०० मिलिग्रॅम म्हणजे १९ मिली लागतं. ४० मिलिग्रॅम उरतं. दुसऱ्या वेळी ३०० हवेत: ते ४० आणि नव्या बाटलीतले २६०, उरले १८०. तिसऱ्या वेळी ते १८० आणि तिसऱ्या बाटलीतले १२०, उरले ३२०. चौथ्या वेळी त्याच बाटलीतून ३००. चार डोस तीन बाटल्यांत बसले. सुईत आणि सिरिंजमध्ये थोडं वाया जातं, म्हणून शेवटचे काही मिलिग्रॅम कमी पडू शकतात, पण दर वेळी नवी बाटली फोडण्यापेक्षा हे कितीतरी बरं. अट एकच: उघडलेली बाटली हॉस्पिटलच्या फार्मसीत, तारीख, वेळ आणि पेशंटचं नाव लिहून राहिली पाहिजे. ती घरच्या फ्रिजमध्ये नेऊ नका. दार उघडझाप होतं, वीज जाते, कोणीतरी फ्रीझरच्या कप्प्यात सरकवतं, आणि गोठलेलं औषध निकामी होतं. सोबतच्या पाण्याऐवजी साधं निर्जंतुक पाणी वापरलं असेल तर २८ दिवसांचा नियम लागू नाही. ते लगेच वापरायचं आणि उरलेलं फेकायचं. १५० मिलिग्रॅमच्या बाटलीलाही हेच.

द्रावण २५० मिली नॉर्मल सलाईनमध्ये मिसळतात. डेक्स्ट्रोजमध्ये नाही. पहिला डोस दीड तासात, तो सोसला तर पुढचे अर्ध्या तासात. पहिल्या वेळी थंडी वाजून ताप येणं नेहमीचं आहे. सलाईन थांबवतात, औषध देतात, मग हळू गतीने पुन्हा सुरू करतात. दम लागला किंवा रक्तदाब घसरला तर गोष्ट वेगळी, ती गंभीर समजायची.

तारीख चुकली तर? एक आठवड्यापर्यंत उशीर झाला तर नेहमीचे ६ मिलिग्रॅम. त्याहून जास्त झाला तर पुन्हा ८ मिलिग्रॅमपासून सुरुवात. गावाकडून येणाऱ्या पेशंटला सणासुदीचे दोन आठवडे चुकले तर त्याचा खर्च असा वाढतो. वजन दर सायकलला करा. या आजारात ते झपाट्याने उतरतं आणि तीन महिन्यांपूर्वीच्या वजनावर दिलेला डोस चुकीचा ठरतो.

हृदयाकडे लक्ष हवंच. सुरू करण्याआधी एक टूडी इको आणि नंतर दर तीन महिन्यांनी एक. पंपिंगचा आकडा सुरुवातीपेक्षा १६ अंकांनी खाली आला, किंवा सामान्य पातळीखाली जाऊन १० अंकांनी उतरला, तर औषध थांबवून महिन्याभराने पुन्हा बघतात. बऱ्याच पेशंटांमध्ये तो परत वर येतो. इको शक्यतो एकाच जागी करा, नाहीतर ६० आणि ५४ यातला फरक हृदयाचा की मशीनचा हे कळत नाही.

किमतीबाबत भारतातलं चित्र दहा-बारा वर्षांत बदललं. मूळ हर्सेप्टिनचं भारतीय पेटंट कंपनीने २०१३ मध्ये सोडून दिलं आणि बायोकॉनचं कॅनमॅब जानेवारी २०१४ मध्ये बाजारात आलं. पाठोपाठ आणखी भारतीय बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी जुळणारी दुसऱ्या कंपन्यांची औषधं, आले. २०१५ मध्ये औषध अत्यावश्यक यादीत गेल्याने त्याच्या किमतीला कमाल मर्यादाही लागली. बायोसिमिलर घ्यायला आमची हरकत नाही. मात्र एका ब्रँडवर सुरू केलं की कारणाशिवाय दर सायकलला ब्रँड बदलू नका आणि बिलावरचा बॅच नंबर जपून ठेवा. रिअ‍ॅक्शन आली तर कशामुळे आली हे शोधायला तोच लागतो. सरकारी योजनेत बसतं का हे हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला आधीच विचारा, कारण स्तनाच्या कॅन्सरच्या पॅकेजमध्ये ते आहे म्हणून जठरालाही मिळेल असं गृहीत धरता येत नाही.

ट्रॅस्टुझुमॅबला मर्यादा आहेत, आणि ज्यांनी त्या ओलांडायचा प्रयत्न केला त्यांची यादी मोठी आहे. पर्टुझुमॅब जोडून बघितलं, लॅपॅटिनिब दिलं, डोस वाढवून बघितला, दुसऱ्या टप्प्यात ट्रॅस्टुझुमॅब एमटॅन्सिन दिलं. स्तनात चाललेल्या या युक्त्या जठरात चालल्या नाहीत. पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध जोडल्यावर मात्र फरक पडला: मध्यम आयुष्य १६.८ महिन्यांवरून २० वर गेलं. पण हा फायदा पीडी-एल-वन तपासणीतला सीपीएस नावाचा गुण १ किंवा जास्त असलेल्यांपुरताच आहे. ती तपासणी हर-टूसोबतच मागवायची ती यासाठी.

पहिल्या औषधाला आजार दाद देईनासा झाला की ट्रॅस्टुझुमॅब डेरक्सटेकॅन येतं. हे हर-टूला चिकटून पेशीच्या आत केमोचं विष सोडतं. जपान आणि दक्षिण कोरियात १८७ पेशंटांवर झालेल्या चाचणीत ५१ टक्क्यांच्या गाठी आकसल्या. साध्या केमोवर हे प्रमाण १४ टक्के होतं. आयुष्य ८.४ वरून १२.५ महिन्यांवर गेलं. मोबदल्यात दहापैकी एकाच्या फुप्फुसाला सूज आली. कोरडा खोकला किंवा जिना चढताना नव्याने लागणारा दम दोन दिवससुद्धा अंगावर काढू नका, त्याच दिवशी कळवा. जठरासाठी डोस किलोमागे ६.४ मिलिग्रॅम आहे, स्तनासाठी ५.४. आणि हे औषध फक्त ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये मिसळतं, सलाईनमध्ये नाही, म्हणजे साध्या ट्रॅस्टुझुमॅबच्या बरोबर उलट. नावं इतकी सारखी की चिठ्ठीवर पूर्ण नाव आणि डोस मोठ्या अक्षरात लिहिल्याशिवाय फार्मसीने बाटली देऊच नये. ५० किलोला ३२० मिलिग्रॅम लागतात म्हणजे १०० च्या चार बाटल्या, आणि उरलेले ८० पुढच्या वेळेसाठी ठेवता येत नाहीत. २०२४ मध्ये यावरची कस्टम ड्युटी काढली गेली आणि जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तरी हा खर्च सामान्य घराला जड आहे.

म्हणूनच हे औषध सुरू करण्याआधी पुन्हा बायोप्सी करून घ्या. ट्रॅस्टुझुमॅब घेतल्यावर हर-टूवाल्या पेशी मरतात आणि नसलेल्या उरतात. एका जपानी चाचणीत पुन्हा तपासलेल्या १६ जणांपैकी ११ जणांचा हर-टू नाहीसा झालेला होता. दुसऱ्या टप्प्यात ट्रॅस्टुझुमॅब डेरक्सटेकॅनने ११.४ ऐवजी १४.७ महिने मिळवून दिले, त्या चाचणीत नव्या तुकड्यावर हर-टू पुन्हा पॉझिटिव्ह आलेल्यांनाच घेतलं होतं. नवी बायोप्सी करताना जुना ब्लॉकही त्याच लॅबला पाठवा आणि दोन्ही स्लाइड एकाच दिवशी, एकाच अँटीबॉडीने रंगवून शेजारी शेजारी ठेवून बघायला सांगा. नवी स्लाइड खरोखर रिकामी आहे की नुसती नीट रंगलेली नाही, हे तेव्हाच ठरवता येतं.